खारीचा वाटा किती?

कन्हानकाठचा मौदा हा धानाचा तालुका. पेंचच्या कालव्याचं पाणी जिथं पोचतं तिथं बांध्या भरतात, बाकीच्या रानात तूर, गहू, मिरची. एनटीपीसीच्या २३२० मेगावॉटच्या वीजकेंद्रामुळे गावाचं नाव लांबवर गेलं, ती गोष्ट वेगळी. ज्यांच्या विहिरीला पाणी टिकतं असे काही कास्तकार उन्हाळी मकाही घेतात. खालचा वाद अशाच एका सांदवाडीतला आहे. मामा साठी ओलांडलेले, शेती आणि साखरेचा आजार दोन्ही सांभाळणारे. भाची औषधशास्त्र शिकली आणि गावातच मेडिकल चालवते. वाद पेटला तो मामांनी कृषी केंद्रातून आणलेल्या एका पुडीवरून. मधेमधे मी तोंड घातलं आहे, ते वेगळं कळेलच.

मामा : लोकं म्हनते, खारीचा वाटा लहान असते. माह्या सांदवाडीत येऊन पाह्य म्हना. मका वाळू घातला तवापासून, सकाळ झाली का लिंबावरून उतरते. कनीस धरते, अर्धं खाते, अर्धं सांडते. आता पीठ कालवून ही पुडी टाकतो त्यात. रातच्याला ठेवून देतो, विषय खतम.

भाची : रात्री ठेवाल तर खारीच्या तोंडी ती लागणारच नाही, मामा. खार दिवसाची. रात्री येतील ते उंदीर, आणि पहाटे सुटतील त्या तुमच्याच कोंबड्या.

मामा : मंग दिवसा ठेवतो.

भाची : दिवसा पोट्टे खेळतात तिथं. पुडीवर काय लिहिलंय वाचलं का? झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. त्याला उतारा नाही. डॉक्टर फक्त लक्षणं सांभाळत बसतात. धान्याच्या ढिगाजवळ ती पुडी उघडायचीच कशाला?

मामा : तुहं सगळं बरोबर. पन मले हे सांग, खार जगवून आमाले का भेटते? उंदराले मारतो, घुशीले मारतो, तवा कोनी मधात येत नाई. खारीले हात लावला का समद्याले राम आठवते.

भाची : रामाचं काढलंत म्हणून विचारते, पाठीवर पट्टे किती?

मामा : तीन. रामानं सेतूच्या वक्ती तीन बोटं फिरवली. लेकराले बी माहीत हाय.

भाची : लिंबावरची खाली येऊ द्या, मग मोजा. मधे तीन ठळक, आणि दोन्ही कुशींवर एकेक फिकट. पाच होतात. ही उत्तर आणि मध्य भारताची पाचपट्टी खार, फ्युनॅम्ब्युलस पेनांटी. तीनपट्टी ती मुख्यतः दक्षिणेची, फ्युनॅम्ब्युलस पाल्मारम. महाराष्ट्रात दोन्ही भेटतात.

मामा : म्हंजे रामेश्वराले तीन बोटं फिरवली अन् रामटेकले येऊन पाच?

भाची : रामेश्वराची खार तीनपट्टीच, म्हणून तिथं गोष्ट चपखल बसते. वाल्मीकीनं ती सांगितलेलीच नाही. पुढच्या रामायणांत आली, तेलुगूतल्या रंगनाथ रामायणात आहे. ज्यानं पहिल्यांदा सांगितली त्याच्या अंगणात तीनपट्टी खार असणार.

(हा तर्क मला आवडला, पण तो तर्कच आहे. रामटेकचा गड मौद्यापासून फार लांब नाही, आणि तिथल्या भाविकाला हे पाच पट्टे दाखवले तर तो श्रद्धा सोडणार नाही, बोटं वाढवेल.)

भाची : आणि तुमच्या बाजूचंही एक सांगते, म्हणजे मी लबाडी केली असं वाटायला नको. हीच पाचपट्टी खार १८९८ साली ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर गेली आणि तिथल्या वस्तीत पसरली. तिथं तिला उपद्रवी प्राणी म्हणतात.

मामा : पाह्य! ऑस्ट्रेलियावाल्यायले समजलं, तुले नाई समजलं.

भाची : तिथं ती उपरी आहे. इथं घरची आहे. इथं तिला खाणारे शिकरा, मांजर, मुंगूस, साप सगळे हजर आहेत. उपद्रव हा प्राण्याच्या अंगात नसतो मामा, जागेत असतो.

मामा : माही सांदवाडी ही जागाच हाय ना?

इथं भाची गप्प बसली, आणि बसणं योग्यच होतं. शहरातल्या निसर्गप्रेमाचा हिशोब बहुधा दुसऱ्याच्या मक्यावर चालतो. ज्याचं कणीस कोरलं जातं त्याला खारीच्या गोडव्याची पट्टी लावून उपयोग नाही. मामांनी मग वेगळीकडून पकडलं.

मामा : बरं, राम सोड. शास्त्रात तरी तिचा उपेग हाय का? दवाखान्यात, औषधात?

भाची : आहे, आणि याच पाचपट्टीचा आहे. बनारस हिंदू विद्यापीठात चंदना हलदार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं तिच्यावर काम केलं. मेंदूत पिनिअल नावाची बारीक ग्रंथी असते, अंधार पडला की ती मेलाटोनिन सोडते. ऋतूप्रमाणे रात्र लहानमोठी होते, तसं हे प्रमाण बदलतं, आणि त्याबरोबर खारीचा विणीचा काळ बदलतो, रोगाशी लढायची ताकदही बदलते. प्रयोगशाळेतला उंदीर निशाचर. खार आपल्यासारखी दिवसा जागते, म्हणून अशा अभ्यासाला ती जवळची.

मामा : त्यातून गोळी कोनती निघाली?

भाची : गोळी निघाली असं नाही म्हणणार. समज आली.

मामा : समज! समजीचे भाव का चालू हाय बाजारात?

भाची : थांबा, दुसऱ्या खारी सांगते. उत्तर अमेरिकेत जमिनीत बिळं करून राहणाऱ्या खारी आहेत. अख्खा हिवाळा न खाता, न पिता झोपून काढतात. अलास्कातल्या आर्क्टिक खारीच्या शरीराचं तापमान त्या झोपेत उणे २.९ अंशापर्यंत उतरलेलं नोंदवलं आहे, १९८९ साली. शून्याखाली, तरी रक्त गोठत नाही. माणूस महिनाभर खाटेवर पडला तर मांड्या वाळतात. ही खार कित्येक महिने हलत नाही, आणि वसंतात उठून पळते. कशी? २०२२ साली तेरापट्टी खारीवर काम झालं, त्यात दिसलं की तिच्या आतड्यातले जिवाणू युरिया फोडतात, त्यातला नायट्रोजन परत शरीराला मिळतो, त्यापासून ती स्नायूंची प्रथिनं बांधते. लघवीत जायचं ते अंगी लावते.

मामा : हे मातर भारी हाय.

भाची : आणखी ऐका. अल्झायमरच्या रोग्याच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटचा थर चढतो, तो उतरत नाही. झोपलेल्या खारीच्या मेंदूतही तसाच थर चढतो. पण ती जागी झाली की उतरतो. २००३ साली युरोपातल्या खारींवर हे दाखवलं गेलं. चढणं दोघांत सारखं, उतरणं फक्त तिला जमतं. ते कसं, हे कळलं तर मोठीच गोष्ट.

मामा : अन् त्या खारी लिंबावर असते?

भाची : नाही. त्या वेगळ्या.

मामा : मंग मले हेच म्हनायचं होतं. तू खार खार म्हनते, पन एक खार बनारसची, एक अलास्काची, एक युरोपची. त्यायच्या पुन्याईवर माह्या मक्यावरची खार का म्हून सुटन? गावातला एक पोट्टा कलेक्टर झाला म्हून समद्या गावाचा सारा माफ होते का?

भाची : हे मान्य.

मामांचा हा मुद्दा वरकरणी गमतीचा, आतून शास्त्रीय आहे. वर्तमानपत्रातली आरोग्याची बातमी बहुतेक वेळा इथंच घसरते. ‘खारीमुळे स्मृतिभ्रंशावर उपाय’ अशी ओळ छापून येते, आणि खार कोणती, कुठली, प्रयोगशाळेतली की झाडावरची, हे खाली बारीक अक्षरात राहतं किंवा राहतच नाही. पण हा नियम दुधारी आहे, आणि भाचीनं तो लगेच उलटा वापरला.

भाची : पण मग रोगांचंही तसंच धरा. मागच्या आठवड्यात तुमचे शेजारी धावत आले होते, लेकराला खार चावली, रेबीजचं इंजेक्शन द्या म्हणून. खार, उंदीर असल्या लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांत रेबीज जवळजवळ सापडत नाही, त्यांच्यापासून माणसाला झाल्याचं माहीत नाही. जखम साबणानं वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवा, धनुर्वाताचं बघा, आणि डॉक्टरांना दाखवा. कुत्रा चावला असता तर मीच त्यांना हाताला धरून ग्रामीण रुग्णालयात नेलं असतं.

मामा : म्हंजे खारीपासून काहीच नाई होत?

भाची : होतं, पण कुठं आणि कोणत्या, ते बघावं लागतं. जर्मनीत २०११ ते २०१३ मध्ये मध्य अमेरिकेतली रंगीत खार पाळणारे तिघं मेंदूच्या सुजेनं गेले. खारीत नवाच बोर्नाव्हायरस निघाला. आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग, बांद्याकडे माकडताप आहे. त्याचा विषाणू पहिल्यांदा १९५७ साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात सापडला, पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं शोधला. रोग पसरवते ती गोचीड. विषाणू रानातल्या उंदीर, चिचुंद्री, खार असल्या लहान प्राण्यांत फिरत राहतो, माकडं मरायला लागली की गाव जागं होतं. दोडामार्गात काजूच्या बागेत पालापाचोळा गोळा करायला जाणाऱ्याला ही गोष्ट जिवावरची आहे. मौद्याला नाही.

मामा : हाव, हे पटलं. आपल्याइथं गोचीड बैलाले लागते, ताप नाई आनत तसा.

भाची : आणि एक गोष्ट आपल्या विदर्भाच्या कानाला लागेल अशी. इंग्लंडात ब्राउनसी नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या लाल खारींना कुष्ठरोग आहे.

मामा : खारीले महारोग?

भाची : २०१६ साली ‘सायन्स’मध्ये ते छापून आलं. ब्राउनसीच्या खारींतला जंतू माणसाला कुष्ठ करणाराच, मायकोबॅक्टेरियम लेप्री. स्कॉटलंड, आयर्लंडच्या खारींत त्याचा भाऊबंद निघाला. आणि ब्राउनसीच्या जंतूची वाण जुळली ती विंचेस्टरला पुरलेल्या मध्ययुगीन माणसाच्या सांगाड्यातल्या जंतूशी. पुढे २०२४ मध्ये त्याच विंचेस्टरच्या उत्खननातल्या खारीच्या हाडांतही तो जंतू मिळाला. त्या काळी तिथं खारीच्या कातड्याचा मोठा व्यापार होता, लोक खारी पाळतही.

मामा : मंग खारीनं माणसाले देल्ला का माणसानं खारीले?

भाची : ते ठरलेलं नाही. पण इंग्लंडातल्या माणसांतून रोग शतकांपूर्वी गेला आणि खारींत राहिला. ती लाल खार वेगळी, आपली पट्टेवाली वेगळी. उद्या कुणी मोबाइलवर ‘खारीपासून महारोग’ असं पाठवलं तर पुढे पाठवू नका, एवढ्यासाठी सांगितलं.

विदर्भात हे ऐकताना कुणाचंही मन वर्ध्याकडे, वरोऱ्याकडे जाणार. मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली कुष्ठधाम उभं केलं. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धूत. १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापली आणि आनंदवन उभं राहिलं. इतकं सगळं होऊनही रोगाबद्दलची एक चुकीची समजूत गावोगाव टिकून आहे, की जंतू बोटं खाऊन टाकतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं झडतात ती वेदना गेल्यामुळे. ठेच लागलेली कळत नाही, चटका कळत नाही, खडा टोचलेला कळत नाही, आणि माणूस त्याच पायावर चालत राहतो. तेव्हापासून कुष्ठ दवाखान्यांत औषधाइतकंच महत्त्व आलं ते मऊ रबराच्या चपलेला, जिला तिथं सगळे एमसीआर चप्पल म्हणतात.

चपलेवरून गोष्ट मामांच्या पायावर आली. आणि तिथं मका शिरला, तोही वेगळ्याच रूपात.

मामा : चपलेचं काढलं तं आठवलं. माह्या तळपायाले भोवरी झाली. तुह्या काउंटरवर ती पट्टी असते ना, कॉर्न कॅप, ती दे एक.

भाची : तुम्हाला नाही देणार.

मामा : काहून? पैसे देतो.

भाची : परवा एका पोरानं विचारलं, ताई, कॉर्न कॅप आणि किराण्यातलं कॉर्नफ्लोअर एकाच मक्याचं का. मी हसले. पायाचं कॉर्न म्हणजे कुरूप, भोवरी. मक्याशी त्याचा काही संबंध नाही. एकाच जागी दाब पडत राहिला की कातडी स्वतःला वाचवायला जाड होते, मधे टोकदार गाभा तयार होतो आणि तोच आत रुततो. पट्टीवर चाळीस टक्के सॅलिसिलिक आम्ल असतं. जाड कातडी विरघळवतं, पण चांगली कातडी आणि वाईट कातडी यांतला फरक त्याला कळत नाही. तुम्हाला साखर आहे. डोळे मिटा.

मामा : कशाले?

भाची : मिटा तर. मी पायाच्या बोटाला हात लावते, कोणतं ते सांगा.

उजव्या पायाचा अंगठा त्यांनी सांगितला, डावाही सांगितला. डाव्या करंगळीला तिनं बोट टेकवलं तेव्हा मामा काही बोलले नाहीत. अजून लावायचीच आहे असं त्यांना वाटत होतं.

भाची : दुखते का ही भोवरी?

मामा : नाई दुखत. म्हून तं म्हटलं, पट्टी लावून काढून टाकतो.

भाची : दुखणारी भोवरी चालेल मामा. न दुखणारी वाईट. साखरेचा असो की कुष्ठाचा, बधिर पायाची जखम बहुतेकदा अशाच जाड कातडीखाली सुरू होते, वरून काही दिसत नाही. ब्लेडनं कापायची नाही, पट्टी लावायची नाही, अनवाणी बांधीत उतरायचं नाही. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात.

मामांनी यावर वाद घातला नाही. मक्याकडे मात्र ते परत वळले, कारण मका हा त्यांचा विषय.

मामा : माह्या मक्याचं सांग. तो तुह्या दुकानात कुठं हाय?

भाची : कुठं नाही ते विचारा. गोळ्यांच्या पत्त्यावर बारीक अक्षरात स्टार्च लिहिलेलं असतं, ते बहुधा मक्याचं. गोळी बांधून ठेवायला तेच, आणि पोटात गेल्यावर पाणी शोषून, फुगून तिला फोडायलाही तेच. सलाईनच्या बाटलीतलं डेक्स्ट्रोज मक्याच्या स्टार्चपासून काढतात. काही लेकरं जन्मतःच यकृतातली साखर सोडू शकत नाहीत. रात्री झोपेत साखर उतरते, झटके येतात. १९८४ साली डॉक्टरांच्या लक्षात आलं की कच्चं मक्याचं पीठ पाण्यात कालवून दिलं तर ते हळूहळू पचतं आणि कित्येक तास साखर धरून ठेवतं. शिजवलेलं चालत नाही, कच्चंच पाहिजे.

मामा : एवढं? अन् भाव पाह्य मक्याचा.

भाची : पेनिसिलिनचं ऐकाल तर आणखी चिडाल. १९४१ साली लंडनवर बॉम्ब पडत होते. ऑक्सफर्डचे फ्लोरी आणि हीटली बुरशी घेऊन अमेरिकेत गेले, मक्याच्या पट्ट्यातल्या पिओरिया गावी. तिथं स्टार्चच्या कारखान्यांत मका भिजवून उरलेलं चिकट पाणी कुणाला नको होतं. मॉयर नावाच्या शास्त्रज्ञानं ते बुरशीला खायला घातलं आणि पेनिसिलिन कितीतरी पटींनी वाढलं. सैनिकांना पुरलं ते त्यामुळे. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली निघाली ती याच पेनिसिलिनसाठी.

मामा : धोवन! मक्याच्या धोवनानं जीव वाचले.

भाची : आणि त्याच मक्यानं जीव घेतले.

मामा : आता उलटी झाली तू.

भाची : तुम्ही खारीचा जमाखर्च मागितला, मग मक्याचाही मागा. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवर, पंचमहाल आणि बांसवाड्याकडे आदिवासी गावांत लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं. शंभराहून जास्त माणसं गेली, आधी कुत्री मेली होती. कारण निघालं घरातला मका. अवकाळी पावसात कणसं भिजली, तशीच साठवली, त्यावर पिवळट हिरवी बुरशी आली. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन. दुष्काळी वर्ष, दुसरं काही खायला नव्हतं, म्हणून तोच मका रोज पोटात गेला.

मामा : आपल्याले बी एप्रिलात गारा पडते.

भाची : म्हणूनच सांगते. शिजवून, भाजून ते विष जात नाही. गाईला घातला तर दुधात उतरतं.

मामा : मंग दोष मक्याचा का पावसाचा?

भाची : साठवणीचा. आणि गरिबीचा. पेलाग्राचंही तेच. मका युरोपात गेला, इटली-स्पेनच्या गरिबांनी नुसता मकाच खाल्ला, आणि त्यांची कातडी उन्हात काळवंडून सोलली, जुलाब लागले, बुद्धी फिरली. अमेरिकेच्या दक्षिणेत तेच झालं. सगळे म्हणाले संसर्ग असेल. गोल्डबर्गर नावाच्या डॉक्टरनं रोग्यांचं रक्त स्वतःला आणि आपल्या बायकोला टोचून घेतलं, काही झालं नाही. १९३७ साली कळलं, नायसिनची कमतरता. मक्यात नायसिन असतं, पण बांधलेलं. मेक्सिकोतले लोक हजारो वर्षं मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आले, त्यामुळे ते सुटतं. युरोपनं मका नेला, चुना नेला नाही.

मामा : आमच्या आजीनं चुना नाई घातला, तरी कोनाले हे झालं नाई.

भाची : आजीच्या ताटात तूर होती, भाजी होती, ताक होतं. एकट्या धान्यावर माणूस राहिला की रोग. आपल्या दख्खनमध्ये तो ज्वारीवर दिसला, मक्यावर नाही. हैदराबादला डॉ. गोपालन यांनी १९६० साली मांडलं की ज्वारीतलं जास्तीचं ल्युसिन त्याला कारण असावं. त्यावर पुढे वादही झाला.

(मला वाटतं हा भाग भाचीनं लांबवला ते बरं केलं. आपण ‘मका चांगला की वाईट’, ‘ज्वारी थंड की गरम’ असले प्रश्न विचारतो, आणि ताटात त्याच्या शेजारी काय आहे हे विचारायचं राहून जातं.)

मामा : अन् मक्याचे केस? माही आई उकळून द्यायची, लघवीच्या जळजळीले.

भाची : घरगुती काढा म्हणून खूप देशांत वापरतात. मुतखडा पडतो म्हणून कुणी विकलं तर मात्र घेऊ नका, तेवढा भक्कम पुरावा नाही. एक गंमत सांगू? रंगीत दाण्यांचा मका असतो ना, जांभळे ठिपके असलेला. त्या ठिपक्यांवरून बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी चाळीसच्या दशकात ओळखलं की जनुकं जागा बदलतात. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९८३ साली नोबेल मिळालं तेव्हा त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या. आज प्रतिजैविकाला न जुमानणारे जंतू वाढतात, त्यांतही अशीच उड्या मारणारी जनुकं काम करतात. म्हणून म्हणते, गोळ्या अर्ध्यावर सोडू नका.

मामा : तू कुठूनबी दुकानावर येते बाप्पा.

भाची : आणि खार-मक्याचं एकच नाव असलेलं एक फूलही आहे, अमेरिकेत. स्क्विरल कॉर्न म्हणतात, म्हणजे खारीचा मका. वसंतात फुलतं, मातीत पिवळे बारीक कंद, मक्याच्या दाण्यांसारखे दिसतात म्हणून नाव. त्यात अल्कलॉइडं असतात, गुरांना बाधतात.

मामा : नावात खार, नावात मका, अन् दोन्ही नाई! आपल्याइथं असं फूल असतं तं मी त्याले येडपट म्हटलं असतं. आता पुडीचं सांग. ठेवू का नाई?

भाची : तुम्ही सांगा.

मामा : सांगतो. तू एवढं बोलली, पन माही खार चांगली हाय हे काही तुले दाखवता नाई आलं. बनारसचं काम बनारसले झालं. अलास्कावालीचं माह्या कामाचं नाई. ती मका खाते हे खरं हाय अन् ते तुहं शास्त्र खोडत नाई.

भाची : नाही खोडत.

मामा : पन पुडीचं जे सांगितलं ते सगळीकडे सारखं हाय. कोंबडी असो, पोट्टा असो, मौदा असो का अमेरिका. अन् भिजलेल्या मक्याचं बी तसंच. खार का खाते, पायलीभर? पाऊस अख्खी गंजी खाते. तं मी खारीच्या मागं लागून कशाले बसू. मले आधी ताडपत्री पाह्यजे.

भाची : आणि दवाखाना.

मामा : हाव. तोबी.

मामांचा निकाल मला भाचीच्या सगळ्या पुराव्यांपेक्षा पक्का वाटला. खार देवाची नाही, शत्रूही नाही. तिच्याबद्दल शास्त्र अजून फुटकळ बोलतं, आणि जे बोलतं ते बहुतेक दुसऱ्याच खारींबद्दल. विष, बुरशी आणि बधिर पाऊल यांच्याबद्दल मात्र ते स्वच्छ बोलतं. पुडी परत द्यायला मामा कृषी केंद्रात गेले होते. उघडलेली पुडी परत घेत नाही असं सांगून दुकानदारानं ती हातात ठेवली. ती आता कुलपात आहे.

उन्हाळी मका काढणाऱ्या कास्तकारांना एवढंच सांगणं, की कणसं जमिनीवर नव्हे, ताडपत्रीवर वाळवा, दाताखाली दाणा कडक वाजेपर्यंत कट्ट्यात भरू नका, आणि अवकाळीत भिजून हिरवट पिवळी बुरशी धरलेला मका घरात तर नकोच, गाईच्या दावणीत आणि कोंबड्यांपुढेही टाकू नका. अंगावर बधिर चट्टा असेल किंवा तळव्याला स्पर्श कळत नसेल तर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. कुष्ठरोगाचं औषध तिथं मोफत मिळतं.